सहाणेवरचा होकार

फाल्गुन लागला की मी घराच्या खिडक्या लावून घेतो. घरात सांगतो, भाजावळीचा धूर सोसत नाही, छाती भरून येते. डॉक्टरांनीही कधीतरी धुरापासून जपा असं म्हटलेलं असल्यामुळे हे कारण खपून गेलं. खरं कारण धूर नाही, ढोल आहे. आमचं घर रत्नागिरी शहराच्या कडेला आहे, इमारती संपून उघडा कातळ सुरू होतो तिथे. कातळापलीकडच्या वाडीत संध्याकाळी ढोल तापवून वाजवून बघतात. आधी एकच वाजतो, अडखळत. मग दुसरा त्याला सामील होतो. तो आवाज वाऱ्यावर आला की मला माझ्या उजव्या हाताचं काय करावं ते कळत नाही. मी तो खिशात घालतो.

ही हकीगत मी इतकी वर्षं टाळत आलो. बायकोला अर्धी सांगितली, मुलांना सोयीची तेवढी. एकदा एका अंकासाठी शिमग्याच्या आठवणी लिहिल्या. त्यात सोंगं होती, पुरणपोळी होती, पालखीचा नाच होता, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची धमाल होती. दत्ता नव्हता. लेख लोकांना आवडला. ‘तुमच्या लेखाने गावाला नेऊन आणलं,’ असं एका वाचकाने भेटून सांगितलं, तेव्हा मी हसून मान हलवली. मान हलवणं मला फार लवकर जमतं.

यंदा पुतण्याचा फोन आला.

“काका, यंदा तरी येवा. आपल्या घराचा मान हाय. नारळावर हात ठेवायला मोठा माणूस नको?”

“तू ठेव की.”

“मी ठेवतंवच हाय. पण तुमी जितेजागते असताना मी हात ठेवायचा, ता बरा दिसत नाय.”

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघेही दुखतात, ते खोटं नाही. फोन ठेवला आणि कोण जाणे का, उठून खिडकी उघडली. धूर आत आला, त्याच्यामागून ढोलही आला. त्याच उघड्या खिडकीशी बसून लिहितो आहे.

त्या वर्षीच्या फाल्गुनाला काजूच्या बोंडूंचा वास होता. झाडाखाली पडून सडलेले लाल-पिवळे बोंडू, गोड आणि आंबूस, श्वास घेतला की घशाशी येणारे. भाताची रोपं जिथे वाढवायची ती जमीन पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून काढायचं काम चालू होतं, त्याचा धूर सगळ्या उतारावर आडवा पसरलेला असायचा. नदी आटून नुसते गोटे उरले होते. कातळ इतका तापायचा की अनवाणी माणूस दुपारी त्याच्यावरून चालत नसे, पळत असे. पांगारा फुलला होता. मला त्या सगळ्या ऋतूचा रंग आठवतो तो पांगाऱ्याचाच आहे, पानं नसलेल्या काटेरी फांद्यांवरचा लाल.

मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि माणसं गावी परतली, त्यानंतरची ही गोष्ट. परतलेल्यांत आमच्या वाडीतले तुकाकाका होते. दत्तारामचे वडील. दत्ता आणि मी एका वयाचे, एका शाळेतले, आणि त्या वेळी रत्नागिरीच्या कॉलेजात एका भाड्याच्या खोलीत राहणारे. स्टोव्ह त्याचा, भांडी माझी. भात तो करायचा, सुकट मी भाजायचो.

तुकाकाकांना मुंबईत क्षय झाला होता. इस्पितळात महिनोन् महिने पडून होते. गावचं कोणी फिरकलं नाही. शेजारच्या खाटेवरचा एक ख्रिस्ती माणूस स्वतः खोकत असताना त्यांना भरवायचा, त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायचा. तो माणूस गेला, काका वाचले आणि त्याचा देव त्यांनी आपला केला. बायकोमुलं त्यांच्यामागून गेली. म्हातारी आई, आमची सगळ्यांची काशीआये, तेवढी गेली नाही. ती म्हणायची, “माजा सगळा आयुष्य देवीसमोर गेला. आता नवीन देवाशी वळख कधी करू? तुमी करा.” एका घरात दोन्ही होतं आणि त्या घरात त्यावरून कधी आवाज चढल्याचं मला आठवत नाही.

गाव आधी हसलं. काका रविवारी ओटीवर बसून चिपळ्या घेऊन येशूची भजनं म्हणायचे. शब्द नवे, चाल आमच्याच भजनी मंडळाची. “देव बदललान, पण चिपळ्या त्याच ठेवलान,” असं लोक म्हणायचे, आणि रस्त्यावरून जाताना पाय जरा रेंगाळवायचे, कारण काकांचा गळा गोड होता. दत्ताच्या नावाचीही थट्टा व्हायची. आमचा कॉलेजातला मित्र इस्माईल, मासळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, एकदा म्हणाला, “ख्रिस्ती झालास नि नाव दत्ताराम? निदान डेव्हिड तरी ठेवायचंस.”

दत्ता स्टोव्हला पंप मारत म्हणाला, “नाव आज्याने ठेवलान. बदलू काय म्हणून तूच जाऊन विचार. आज्या वरती हाय.”

हसणं थांबलं ते राखणीवरून. आमच्याकडे शिवेवरच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा प्रत्येक घराचा कोंबडा आणि नारळ जातो. गावाची राखण करणाऱ्याला दिलेली ती राखण. तुकाकाकांनी हात जोडून सांगितलं, “रस्त्याच्या कामाला येतंव, शाळेचं छप्पर घालायला येतंव. ही मात्र माझ्याच्यानं होणार नाय.” पुढच्याच महिन्यात कोणाची गाय पान लागून मेली, साप चावून. राखण एका घराने मोडली आणि भोग सगळ्या वाडीला आला, असं ठरलं. वाडी बसली आणि तुकाकाकांचं घर वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला पटकन कळत नाही. कोणी मारत नाही. विहिरीवर त्यांची बाई आली की बाकीच्या बाया कळशा उचलून निघून जातात आणि रहाटाचा दोर सोडवून नेतात. दुकानदार समोर बघत असूनही त्याला गिऱ्हाईक दिसत नाही. गिरणीत त्यांचं दळण सगळ्यांच्या शेवटी लागतं आणि शेवटी गिरणी बंद होते. भाताच्या लावणीला कोणी येत नाही. मग हळूहळू पुढचंही होतं. दुसऱ्या वाडीतलं एक कुटुंब रविवारी त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसायला आलं, तर कौलांवर दगड आले. एक दिवस त्यांच्या गवताची उडवी पेटली. वणवा आला, असं सगळे म्हणाले. बाजूचं रान हिरवं होतं.

हे मी मार्थाला सांगितलं. मार्था आमच्या वर्गात होती. तिची आई शहरात नर्स होती, घर पिढ्यान् पिढ्या रत्नागिरीतलं, ख्रिस्ती. ती आमच्यासारखीच मराठी बोलायची, फक्त जास्त वेगाने.   ऐकून ती म्हणाली, “आम्ही नाताळात शेजाऱ्यांना केक वाटतो, शेजारी आम्हाला फराळ पाठवतात. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. आणि एसटीने तासाभरावर एका घराला प्यायला पाणी नाही?”

मांडवीच्या किनाऱ्यावर बसून आमचं ठरलं. आम्हाला नाव नव्हतं, फलक नव्हता. मार्था, इस्माईल, मी आणि दत्ता. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून आम्ही मुलांना थांबवून सांगायचो, की देश ज्याला त्याला त्याच्या देवाची मोकळीक देतो आणि इथल्या एका वाडीत ती दिली जात नाही. काही ऐकायचे. काही म्हणायचे, “कोणी सांगितलं होतं देव बदलायला?” मार्था त्यांच्याशी वाद घालायची नाही. ती विचारायची, “बदलला हे चूक, असं घटकाभर धरू. पाणी कोणाचं?”

सरकारी कचेरीतल्या साहेबांनी आम्हाला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, “मारहाण झाली आहे का? जखम?” जखम नव्हती. “मग गावचं गावाने मिटवावं,” ते म्हणाले. बाहेर आल्यावर मार्थाच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. “न बोलण्याचा पंचनामा होत नाही,” ती म्हणाली.

रविवारी आम्ही एसटीने वाडीत जायचो. आटलेल्या नदीत गोटे बाजूला करून खड्डा काढायचा, त्यात पाणी झिरपायची वाट बघायची, करवंटीने हंडा भरायचा आणि चढ चढून दत्ताच्या घरी न्यायचा. इस्माईल चढावर थांबायचा आणि म्हणायचा, “माझ्या अब्बाला कळलं की मी इथे फुकट पाणी वाहतो, तर धंद्यावर बर्फाच्या लाद्या वाहायला लावील.” काशीआये अंगणात बसून आम्हाला बोलवायची, “येवा रे माज्या लेकरांनो, दमलात?” तिला बोलायला माणूस उरलं नव्हतं. आम्ही गेलो की ती थांबायचीच नाही. पाणी ठेवून झाल्यावर तुकाकाका छोटीशी प्रार्थना म्हणायचे आणि तिच्यात वाडीतल्या घरांची नावं घ्यायचे, दगड मारणाऱ्यांचीसुद्धा. दत्ता मला एकदा म्हणाला, “तुमचा गाऱ्हाणा नि आमची प्रार्थना, मागणं एकच रे. तुमी मोठ्याने मागता, आमी हळू.”

आम्ही घरोघरी गेलो. बहुतेक दारं लोटून घेतली गेली. एका म्हाताऱ्याने मात्र कोकम सरबत दिलं आणि म्हणाला, “पोरा तुमी चांगली हावा. सरबत पिवा नि सुटा. गावाच्या भानगडीत पडू नका.”

ज्या युक्तीवर सगळं येऊन थांबलं, ती माझी होती. हे मी स्वच्छ लिहून ठेवतो.

शिमग्यात देवीला रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, लागतात, पालखी सजते आणि गावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसते. तिथून ती घरं घ्यायला निघते, दारोदार जाते. निघण्याआधी गावकर गाऱ्हाणं घालतो. गावाच्या वतीने देवीला साकडं, आणि प्रत्येक मागणीला सगळ्या गावाचं ‘होय म्हाराजा!’ आमच्या गावची रीत अशी की त्या वेळी मानाच्या पाच घरांचे पाच हात एका नारळावर असतात. त्यातला एक हात निघाला की गाऱ्हाणं थांबतं, नारळ फुटत नाही आणि गाव पुन्हा बसून वाद मिटवेपर्यंत पालखी हलत नाही. बाबांच्या आज्याच्या काळी बांधाच्या भांडणावरून एकदा असं झालं होतं, ते बाबा रंगवून सांगत. त्या पाच घरांत आमचं घर होतं. बाबा त्या हिवाळ्यापासून खाटेवर होते. यंदाचा हात माझा होता.

“गाऱ्हाण्यात तुकाकाकांना शिवेबाहेर घालायचं मागणं येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे,” मी मांडवीच्या खडकावर बसून म्हणालो. “ते आलं की मी होय म्हणणार नाही आणि हात काढून घेणार. सगळे चाकरमानी आलेले असतील. सगळ्यांसमोर गावाला बसावं लागेल, बोलावं लागेल.”

मार्था माझ्याकडे बघत राहिली. “गाव न बोलून मारतं,” ती म्हणाली. “तर तू एकदा न बोलून वाचव.”

 खोलीवर परत येताना दत्ताने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खोली येईपर्यंत काढला नाही.

गावी गेलो त्या दिवशी भाऊकाका पडवीत बाबांच्या उशाशी बसले होते. बाबांचे चुलतभाऊ, पाच घरांतलं दुसरं घर. मला पोहायला त्यांनी शिकवलं. ते मला अंगणात घेऊन गेले आणि भाजावळीच्या धुराकडे बघत म्हणाले, “कॉलेजात जाऊन शाणा झालास ना? बरा झाला. एकच सांग. तुझा बापूस किती दिवसांचा हाय, ता तुला दिसतंय. उद्या त्याला उचलायला कोण येणार? ती नर्सबाईची पोर? का तो म्हावरेवाला?”

आवाजात धमकी नव्हती. ते रडत होते. मला तेच आठवत राहतं. धमकी असती तर कदाचित मी वेगळा वागलो असतो, असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही.

सहाणेवरची संध्याकाळ. ऊन उतरलेलं, ढोल थांबलेले, धुळीचा पडदा खाली बसत चाललेला. देवीची चांदीची रूपं तांबूस दिसत होती. मुंबईहून आलेली माणसं नव्या शर्टांत उभी होती. गर्दीच्या मागे वडाखाली मार्था आणि इस्माईल. तुकाकाकांच्या घरातलं कोणी नव्हतं, त्यांना सहाणेवर यायची बंदी होती. गावकराने नारळ धरला. आम्ही हात ठेवले. माझ्या हातावर भाऊकाकांचा हात होता.

“बा देवी म्हाराजा, आज तुजी लेकरा तुज्या पायाशी उभी हायत!”

“होय म्हाराजा!”

“मुंबयत पोटासाठी गेली हायत, त्यांची रोजीरोटी राख!”

“होय म्हाराजा!”

“गुराढोरा राख, भातनाचणी राख, गरवार बायांची सुटका कर!”

“होय म्हाराजा!”

त्या होकारात माणूस एकटा उरत नाही. ज्याने तो कधी दिला नाही त्याला हे कसं सांगू? शेकडो गळ्यांचा एक गळा होतो आणि आपला आवाज आपल्या पायांखालून वर येतो. लहानपणापासून तो मी दिला आहे. अर्थ कळण्याच्या आधीपासून.

“तुजा मानकरी खाटेवर पडलाय, त्याला उभा कर!”

“होय म्हाराजा!” मी सगळ्यांत मोठ्याने ओरडलो. डोळे भरून आले.

“नि ज्याने तुजी राखण मोडलान, त्याला तुज्या शिवेबाहेर ठेव!”

पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं, की ते सवयीने झालं, बाबांसाठी उघडलेलं तोंड मिटायच्या आत पुढचं वाक्य आलं. तसं झालं नाही. गावकर त्या मागणीआधी थांबला होता. त्याने पाचही माणसांकडे एकेक करून बघितलं होतं. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्याचे पानाने रंगलेले दात मला दिसले. वाक्य मी पुरतं ऐकलं. मला दत्ता आठवला, खोलीवर परतताना खांद्यावर असलेला त्याचा हात आठवला, आणि त्याच क्षणी बाबांची तिरडी आमच्या अंगणात उचलणाऱ्याविना पडलेली दिसली.

“होय म्हाराजा,” मी म्हणालो. मोठ्याने नाही. पण म्हणालो. हात जागचा हलला नाही. नारळ फुटला.

ढोल सुरू झाले तशी मार्था गर्दीतून वाट काढत आली आणि तिने माझा दंड धरला. “त्या काकांनी तुझा हात दाबून धरला होता ना? मी लांबून बघितलं. सोडलाच नाही त्यांनी.”

भाऊकाकांचा हात माझ्या हातावर होता, हे खरं. म्हाताऱ्या माणसाचा हात. त्यात जोर नव्हता. एखादं पान पडावं तसा तो पडलेला होता.

मी मान हलवली.

“तू प्रयत्न केलास,” मार्था म्हणाली. तिचा चेहरा धुळीने माखला होता. “दत्ताला मी सांगते.”

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या वाडीत आली. काशीआयेने अंगण सारवून रांगोळी घातली होती. ताटात ओटीचा खण, तांदूळ आणि नारळ. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणून देवी आपलं घर टाकील हे तिला कोणी पटवू शकलं नव्हतं. ती ताट घेऊन मेरेला, अंगणाच्या कडेशी उभी होती. पालखीच्या पुढच्या दांड्याला माझा खांदा होता. त्या घराखालच्या वाटेवर आल्यावर भोयांनी नाच वाढवला, ढोल चढले आणि आम्ही जवळजवळ पळत पुढे गेलो. तेवढ्यातही तिचा आवाज ऐकू आला, “आये, माजा घर इसारलीस?”

मी वळून बघितलं नाही. दांड्याखाली मान वळत नाही, असं म्हणता येईल. वळते.

शिमगा संपायच्या आत त्यांनी गाव सोडलं. सकाळच्या एसटीला ट्रंका, वळकटी, बांधलेली दोन कोंबडी. थांब्यावर आणखीही माणसं होती, पण सगळी भलतीकडे बघत होती. मी पारामागे उभा होतो. दत्ताने मला बघितलं आणि नुसती मान डोलावली, रागावल्यासारखी नाही. काशीआये मात्र काठी टेकत माझ्यापर्यंत आली. पदराखालून तिने तो ओटीचा नारळ काढला.

“सदा, ह्यो माज्या नावान सहाणेवर ठेव. तुजा मान हाय, तुला कोण नाय म्हनायचा नाय.”

मी तो घेतला. घरी आणून ओटीवरच्या कोनाड्यात ठेवला. आज ठेवू, उद्या ठेवू, कोणी बघत नसताना ठेवू, असं करत दिवस गेले. एके दिवशी दुपारी जेवायला बसलो तर आमटीला ओल्या खोबऱ्याचं वाटण होतं. कोनाड्यात बघितलं, नारळ नव्हता. आईला काय ठाऊक? तिने घरातला नारळ म्हणून फोडला होता. मी पानावर परत येऊन बसलो आणि जेवलो.

बाबा पावसाच्या तोंडावर गेले. सगळी वाडी आली. खांदा द्यायला माणसं आपसांत ओढाताण करत होती. भाऊकाका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बघितलास ना?” मी बघितलं. अजून बघतो.

मार्था पुढे शिकायला बाहेरगावी गेली आणि तिकडचीच झाली. जाण्याआधी तिने आणि इस्माईलने आणखी एका गावात, अशाच एका घरासाठी, महिनोन् महिने फेऱ्या मारल्या आणि तिथे विहीर खुली झाली. मला त्यांनी बोलावलं होतं. माझी परीक्षा होती. त्यांना वाटलं मी खचलो आहे. माझ्याशी ते फार मऊ बोलायचे.

काही वर्षांनी, ते दशक सरत आलं असताना, मी खेडला निघालो होतो. शाळेत नोकरी लागली होती, कसलंसं प्रशिक्षण होतं. एसटी लोट्याला बंद पडली. कारखान्यांचा तो उग्र वास, रस्त्याकडेला थांबलेल्या कंपन्यांच्या बसगाड्या, पाळी सुटलेली माणसं. त्यांतून एक निळ्या कपड्यातला माणूस धावत आला.

“सदा! अरे सदाच ना तू? सुकटवाल्या!”

दत्ता होता. अंगाला रसायनाचा वास, केस विरळ झालेले, हसू तेच. त्याने मला ओढत टपरीवर नेलं. लग्न झालं होतं, एक मुलगी होती, कारखान्यात कायम झाला होता, रविवारी कामगारांची प्रार्थना त्याच्याच खोलीत व्हायची. “इथे कोण कोणाचा नाय, म्हणून सगळे सगळ्यांचे,” तो म्हणाला. मी काशीआयेबद्दल विचारलं.

“गेली. इथेच गेली. शेवटी शेवटी विचारायची, पालखी घर घेऊन गेली काय रे? मी सांगायचो, गेली. मग विचारायची, सदाने माजा नारळ ठेवलान काय? मी म्हणायचो, ठेवलान.” त्याने चहाचा घोट घेतला. “ठेवलास असणारच.”

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

“आणि एक तुला सांगायचं राहून गेलंय,” तो म्हणाला. “मार्थाने सांगितलान मला सगळं. तुजा हात दाबून धरलानी. पण तू तोंड उघडलं नाहीस. बाबा अजून तुजं नाव घेतात प्रार्थनेत. अख्ख्या गावात होय न म्हणणारा एक माणूस होता, एवढ्यावर आमी तिकडून ताठ मानेने निघालो रे. नायतर बाबा मोडले असते.”

ते मी सांगायला हवं होतं, तेव्हाच, त्या बाकावर. वाक्य तयार होतं. छोटं होतं. पण त्याच्या तोंडावर जो उजेड होता, तो मी एका वाक्यात विझवणार होतो. असंही मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला त्या उजेडात आणखी थोडं बसायचं होतं. त्या घरात माझं नाव चांगलं होतं. माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा ते तितकं चांगलं नव्हतं.

“हूं,” मी म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात इस्माईलचा फोन आला, दत्ता गेला. मी लोट्याला पोचलो तेव्हा पेटी खाली उतरवून झाली होती. तांबडी ओली माती, छत्र्या, हळू आवाजात म्हटलेलं गीत. चाल ओळखीची निघाली, आमच्या वाडीतलीच, तुकाकाकांनी इथवर आणलेली. दत्ताची मुलगी माझ्याजवळ आली. बापाचं नाक, बापाची हनुवटी.

“तुम्ही सदाकाका ना? बाबा नेहमी सांगायचे तुमच्याबद्दल.” तिने माझ्या उजव्या हातात मूठभर माती दिली. “काका, तुमचा हात लागू दे.”

मी माती टाकली. बाकीच्यांनीही टाकली. पाऊस वाढला, माणसं शेडखाली गेली, तिथे ती मुलगी सगळ्यांना चहा देत होती आणि मला दोनदा ‘आणखी घ्या’ म्हणाली.

कातळापलीकडे आता तिसरा ढोल सामील झाला आहे. गावी उद्या सहाणेवर पुतण्या हात ठेवील. आज मात्र हे लिहून ठेवतो, त्या मुलीने वाचावं म्हणून, आणि ज्याने वाचायला हवं होतं तो नाही म्हणून.

दत्ता, त्या संध्याकाळी माझा हात कोणी धरला नव्हता. भाऊकाकांचा हात नुसता वर होता, मी बोट हलवलं असतं तरी तो बाजूला झाला असता. गावकर थांबला होता, त्याने माझ्याकडे बघितलं होतं, मी ऐकलं आणि होय म्हणालो. तुझ्या बाबांनी इतकी वर्षं ज्याचं नाव घेतलं, तो माणूस सहाणेवर नव्हता. काशीआयेचा नारळ मी ठेवला नाही, तो आमच्या घरात खाल्ला गेला, मीही खाल्ला. हे सगळं त्या टपरीवर सांगायचं होतं. मला माफ कर, एवढंही म्हणायचं होतं. तू दुसरा चहा सांगायला वळला होतास आणि मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एसटी दुरुस्त झाली, कंडक्टरने घंटा दिली, आणि तू म्हणालास, “जा, जा, गाडी चुकेल.”

मी गाडी चुकवली नाही.